पुठ्ठ्यावरचे डाग

बाबांनी 1995 साली मारुती 800 घेतली तेव्हा मी शाळेत होते. पांढरी, बिनएसीची, कार्ब्युरेटरवाली. ती घरी आली त्या दिवसापासून बाबांनी तिची एक वही ठेवली आहे. लांबड्या आकाराची, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती लिटर, हवा कधी भरली, ऑइल कधी बदललं, सगळं त्यात. अशा चार वह्या झाल्या. 2022 च्या जुलैमध्ये मी त्या वह्या चाळत होते, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. आधीची बारा-तेरा वर्षं दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइल घातल्याची नोंद एकदाही नाही. त्या वर्षी मात्र एप्रिलपासून जुलैपर्यंत पाच नोंदी होत्या: "ऑइल अर्धा लि. टॉप अप." अक्षर थोडं कापरं झालेलं, पण नोंद चुकलेली नाही.

ऑइल कुठे जात होतं ते फरशीवर दिसत होतंच. आमच्या घरापुढच्या शहाबादीवर गाडीच्या पुढच्या भागाखाली ताटलीएवढा काळा डाग पडला होता. आई रोज सकाळी सडा टाकताना तेवढी जागा चुकवायची, कारण पाणी पडलं की तेलाचा तवंग उंबऱ्यापर्यंत यायचा.

आमचं घर कोल्हापुरात, रंकाळ्याच्या बाजूला. गाडी दाखवली एका गॅरेजमध्ये. त्यांनी जॅकवर उचलली, बॅटरी मारून खालून पाहिलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, "मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागणार." मागचं सील म्हणजे क्रँकशाफ्ट इंजिनातून बाहेर पडून फ्लायव्हीलला जिथे जोडलेला असतो तिथलं गोल रबरी सील. ते बदलायचं तर गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. रबराचा तुकडा शे-दोनशेचा, पण मजुरी दिवसभराची. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही टाकून घ्या म्हणाले. ती आम्ही टाकून घेतली. एकूण 4,800 रुपये झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर पुन्हा थेंब.

परत गेलो तर "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच" असं उत्तर मिळालं. त्या वाक्याचा मला फार राग आला. बाबा गप्प बसून होते. घरी येताना म्हणाले, "विकून टाकूया का गं?" मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आणि गुडघे धरल्यापासून त्यांचं बाहेर जाणं उरलं होतं ते या गाडीपुरतं. अंबाबाईचं देऊळ, भाजी मंडई, आणि महिन्यातून एकदा पेन्शनची बँक. मी म्हटलं, आधी मला बघू द्या.

मला इंजिनाचं शिक्षण नाही. मी बँकेत नोकरी करते. पण लहानपणी दर रविवारी बाबा बॉनेट उघडायचे तेव्हा पाने हातात द्यायचं काम माझं असायचं, त्यामुळे दहा-बाराचा पाना कुठला आणि चौदा-सतराचा कुठला हे मला न बघता कळतं. आणि आमच्या गल्लीत तात्या आहेत. एसटीच्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना तात्याच म्हणते. बायपास झाल्यापासून त्यांना वाकायची, जोर लावायची मनाई आहे, हातही थोडे थरथरतात. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते आमच्या कट्ट्यावर येऊन बसले, बॉनेट उघडायला लावलं आणि आत नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, हे इंजिन आधी धू. एवढ्या चिखलात कुणाला काय दिसणार हाय?"

खरोखरच आत चिखल होता. सत्तावीस वर्षांची धूळ आणि ऑइल मिळून इंजिनाच्या खालच्या अर्ध्या भागावर बोटभर जाड, काळा, चिकट थर बसला होता. गॅरेजवाल्यांनी याच थरावर बॅटरी मारून निदान केलं होतं. आणि मीही तेच खरं मानलं होतं.

पूर्वी या कामाला घरोघरी रॉकेल असायचं. आता ते सहज मिळत नाही, म्हणून अर्धा लिटर डिझेल आणलं. पेट्रोलने धुवायचं नाही हे तात्यांनी दोनदा बजावलं, भडका उडायला एक ठिणगी पुरते. बॅटरीची मायनस वायर काढली. कार्ब्युरेटरच्या तोंडावर आणि डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. मग इंजिन थंड असताना रंगाच्या जुन्या ब्रशने डिझेल चोपडत, कोपऱ्यात टूथब्रश घालत, खरवडत बसले. खाली परात ठेवली होती. शनिवारची सगळी दुपार त्यात गेली. नंतर साबणाच्या पाण्याने पुसून घेतलं. थराखालून धातूचा करडा रंग निघाला, मग ओतकामातले आकडे निघाले, मग बोल्टांची डोकी. माझा मुलगा तेव्हा नववीत होता, तो टॉर्च धरून होता. "आई, हे इंजिन इतकं छोटं आहे?" असं त्याने विचारलं. छोटंच आहे. 796 सीसी, तीन सिलिंडर. 14 डिसेंबर 1983 ला दिल्लीत पहिली मारुती 800 लोकांच्या हाती गेली आणि 2014 च्या जानेवारीत शेवटची तयार झाली. त्यातली बरीच वर्षं कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हेच इंजिन होतं. ओम्नीलाही हेच. म्हणून तर सुटे भाग अजून सहज मिळतात.

काळं पाणी गटारीत सोडलं नाही. आमच्या गटारीचं पाणी शेवटी पंचगंगेकडेच जातं. ते डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला दिलं.

रविवारी सकाळी फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा गाडीखाली सरकवला. पुढच्या दोन चाकांच्या जागा त्यावर पेनाने आखून घेतल्या, म्हणजे पुठ्ठा बाहेर काढला तरी कुठला थेंब कशाच्या खाली पडला ते कळावं. पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद केलं. तासाभराने पाहिलं तर थेंब नेमका इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या जोडाखाली. म्हणजे गॅरेजवाले म्हणत होते तिथेच. माझा चेहरा पडला. तात्या मात्र म्हणाले, "तेल खाली पडतंय म्हंजे खालनंच गळतंय असं न्हवं. पावसाचं पाणी छपरातनं शिरतंय कुठं आणि टपकतंय कुठं, तुमच्या जुन्या घरात बघितलंस की." आमच्या जुन्या कौलारू घरात फुटकं कौल असायचं आढ्याजवळ आणि पाणी ठिबकायचं स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी. वाशावरून वाहत यायचं. ते मला एकदम आठवलं.

मग त्यांनी पावडर आणायला सांगितली. बाबांची अंगाला लावायची पांढरी पावडर. कोरड्या, स्वच्छ इंजिनावर ती ब्रशने भुरभुरवली. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या कडेने, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी, गिअरबॉक्सच्या घुमटीवर, ऑइल चेंबरच्या कडेला, सगळीकडे. काळं-करडं इंजिन पिठाच्या गिरणीतल्यासारखं पांढरं झालं. पुन्हा चालू केलं. टॉर्च आणि स्कूटरचा एक जुना आरसा घेऊन मी बॉनेटखाली डोकं घातलं. पहिली दहा मिनिटं काही नाही. मग टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात पावडर ओली होऊ लागली. रांगोळीवर पाण्याचा थेंब पडावा तशी तेवढीच जागा आधी राखाडी, मग काळी झाली आणि तिथून सुतासारखी एक रेघ खाली निघाली.

मला वाटलं, सापडलं. त्याच दिवशी टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. अवघड काम नाही. कव्हर उचललं, जुनं रबर काढलं, त्याच्या खाचेत कडक झालेला थर काढायला मात्र तासभर गेला. कुणीतरी पूर्वी तिथे शेलॅक लावून ठेवलं होतं. धारदार पात्याने खरवडायचं नाही, ॲल्युमिनियमवर चरा पडला की तोच नवा गळतीचा रस्ता होतो. म्हणून लाकडी पट्टी टोकदार करून घेतली. नवं पॅकिंग घातलं, कव्हर बसवलं आणि बोल्ट चांगले आवळले. जरा जास्तच आवळले. संध्याकाळी पाहिलं तर एका बाजूने रबर फुगून बाहेर आलं होतं, जिभेसारखं. पुन्हा खोलायला लागलं, पुन्हा नवं पॅकिंग आणायला लागलं. कव्हर पत्र्याचं असतं, बोल्टाखाली रबरी वायसर असतं. त्याला हाताचा सगळा जोर द्यायचा नसतो. पाना मनगटाने फिरवायचा, खांद्याने नाही, असं तात्यांनी दाखवलं. दुसऱ्यांदा बसवताना मी एकेका बोल्टाला थोडा थोडा पीळ देत, आलटून पालटून आवळत गेले. ते बरोबर बसलं.

पुढच्या रविवारी पुठ्ठ्यावर थेंब होतेच. आधी दिवसाला आठ-दहा पडायचे, आता चार-पाच. मी प्रत्येक थेंबाभोवती पेनाने गोल करून तारीख टाकत होते. बाबा त्यांच्या वहीत लिहीत होते, मी पुठ्ठ्यावर.

पुन्हा धुतलं, पुन्हा पावडर मारली. या वेळी कव्हरचा कोपरा कोरडा ठणठणीत राहिला. रेघ निघाली ती त्याच्याच खालून, डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून. आणि ती रेघ कुठे गेली ते मी आरशात डोळ्यांनी पाहिलं. डिस्ट्रिब्युटरच्या घरावरून खाली, गिअरबॉक्सच्या घुमटीच्या पाठीवरून घसरत, जोडाच्या फटीतून फिरून थेट तळाशी. तिथे थेंब जमला, लोंबला आणि पडला. मागच्या सीलचं तेल पडलं असतं तर जिथे पडलं असतं, अगदी तिथेच.

या इंजिनाची रचनाच तशी आहे. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये. त्याच्या एका टोकाला टायमिंग बेल्ट, दुसऱ्या टोकाला डिस्ट्रिब्युटर फिरवणारा दातेरी गिअर. हे दुसरं टोक गिअरबॉक्सच्या डोक्यावर येतं. डिस्ट्रिब्युटरचा दांडा ज्या भोकातून आत उतरतो तिथे त्याच्या गळ्याभोवती एक रबरी ओ-रिंग असते. ती गेली की तेल बाहेर पडतं आणि मागच्या सीलवर आळ येतो. गॅरेजवाल्यांनी काढलेलं जुनं सील चांगलंच असेल, कोण जाणे. मी जुनं सील मागून घेतलं नव्हतं, ती चूक माझी. बदललेला कुठलाही भाग परत मागून घ्यायचा, हे मी तेव्हापासून पाळते.

डिस्ट्रिब्युटर काढायची मला भीती वाटत होती. तो इंजिनाला ठिणगी कधी द्यायची ते ठरवतो. तो काढला आणि एक दाता जरी चुकून बसला तरी गाडी चालू होत नाही, किंवा झाली तरी ठोके मारते. तात्या म्हणाले, "काढायच्या आधी खुणा कर. खुणा केल्यास तर भ्यायचं काम न्हाई." मी माझी लाल नेलपॉलिश आणली. डिस्ट्रिब्युटरच्या बुडावर आणि समोरच्या घरावर मिळून एक आडवी रेघ मारली. प्लगच्या वायरींना चिकटपट्टी लावून 1, 2, 3 आकडे टाकले. वरची कॅप उघडली, आतला रोटर कुठल्या दिशेला बघतोय तिथे कडेवर एक ठिपका दिला. मोबाइलवर फोटो काढले. मगच धरून ठेवणारा बोल्ट सोडला.

डिस्ट्रिब्युटर सरळ वर येत नाही, किंचित फिरत येतो, कारण गिअरचे दाते तिरपे कापलेले असतात. तो हळूहळू ओढताना रोटर माझ्या ठिपक्यापासून फिरत गेला. दाते सुटले तिथे तो थांबला. तिथे मी दुसरा ठिपका दिला. हे तात्यांनी सांगितलं नसतं तर मला सुचलं नसतं: परत बसवताना रोटर दुसऱ्या ठिपक्यावर धरून आत सोडायचा, मग तो फिरत फिरत आपोआप पहिल्या ठिपक्यावर येऊन बसतो.

ओ-रिंग गळ्याभोवती होती. तिला रिंग म्हणवत नव्हतं. नवी असते तेव्हा तिचा आडवा छेद गोल असतो. भोक आणि दांडा यांच्या मधे ती दाबली जाते आणि तो दाबच तेल अडवतो. इथे सत्तावीस वर्षांच्या उष्णतेने ती चौकोनी झाली होती. बाहेरची बाजू भोकाच्या आकाराची सपाट, चकचकीत. मी नखाने उचलायला गेले तर काचेच्या बांगडीसारखी कट्कन मोडली. तीन तुकडे झाले. तात्यांनी लगेच विचारलं, "सगळं तुकडं मिळालं का? आत पडला न्हाई ना एखादा?" मी स्टीलच्या ताटलीत ते तुकडे एकाला एक जोडून ठेवले. एका जागी चिमूटभर फट राहिली. मुलगा आणि मी टॉर्च घेऊन अर्धा तास शोधत होतो. शेवटी तो तुकडा डिस्ट्रिब्युटरच्या खाचेतच चिकटलेला सापडला. सुईने काढला, ताटलीत ठेवला, वर्तुळ पूर्ण झालं. मग मी भोकावर स्वच्छ फडकं झाकून उद्यमनगरला गेले.

शिवाजी उद्यमनगराबद्दल कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. ओतकाम, लेथ, ऑइल इंजिनं, पंप. या गावातल्या कितीतरी घरांची चूल तिथल्या भट्ट्यांवर पेटली. माझे थोरले मामा तिथे फाउंड्रीत होते. दिवाळीला त्यांच्या हाताला वाळूचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असायचा. एका ऑइल सीलच्या दुकानात मी ताटलीच काउंटरवर ठेवली. दुकानातल्या बाईंनी तुकडे बघितले, मग मी सोबत नेलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या खाचेला व्हर्नियर लावून मापलं. मोडक्या, चपट्या रिंगचं माप घेऊन उपयोग नाही, खाचेचंच घ्यायला पाहिजे, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, साधी देऊ का व्हायटनची? साधं काळं नायट्राइल रबर शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे हळूहळू कडक होतं, व्हायटन दोनशेच्या आसपास टिकतं. साधी दहा रुपयांना, व्हायटनची साठ. साठवाली घेतली, एक जास्तीची पण. ती पाकिटासकट बाबांच्या वहीत टाचून ठेवली आहे.

बसवायच्या आधी नव्या रिंगला इंजिन ऑइल चोळलं, कोरडी ढकलली तर कापली जाते. गिअर असलेल्या खोबणीत थोडं ऑइल ओतलं, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत दाते कोरडे घासू नयेत. रोटर दुसऱ्या ठिपक्यावर धरला आणि डिस्ट्रिब्युटर आत सोडला. पहिल्या वेळी तो ठिपक्याच्या थोडा अलीकडे थांबला, म्हणजे एक दाता चुकला. परत काढला, परत सोडला. या वेळी ठिपक्यावर ठिपका, रेघेवर रेघ. बाबा पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी चावी मागितली. स्वतः आत बसले, चोक ओढला आणि स्टार्टर मारला. दुसऱ्या झटक्यात गाडी सुरू झाली. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं. "एक केसभर मागं घे," म्हणाले. मी बोल्ट सैल करून केसभर फिरवला. आवाज मऊ झाला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या एका मिस्त्रीकडून टायमिंग लाइट लावून तपासून घेतलं, तेव्हा फरक नगण्य निघाला. तात्यांच्या कानांत चाळीस वर्षं इंजिनं वाजली आहेत.

पुठ्ठा बारा दिवस कोरडा राहिला. तेराव्या दिवशी टॅपेट कव्हरच्या पुढच्या कोपऱ्याशी ओल दिसली. याआधी कधीच न गळलेल्या कोपऱ्याशी. नवंकोरं पॅकिंग, बरोबर आवळलेलं, आणि तरी तेल पाझरतंय. त्या दिवशी मी खरोखर हताश झाले. ऑफिसातून येऊन तशीच गाडीपाशी उभी राहिले.

तात्यांनी यावर काहीच सांगितलं नाही. ऑइल भरायचं झाकण काढायला लावलं, इंजिन चालू ठेवून. झाकणाच्या भोकातून धाप लागल्यासारखे वाफेचे भपकारे येत होते. मग त्यांनी एक पातळ पिशवी मागवली आणि भोकावर रबरबँडने बांधायला सांगितली. पाच सेकंदांत पिशवी फुग्यासारखी ताठ झाली. "आत कोंडलंय," ते म्हणाले. "वाट मिळंना म्हणून तेल ढकलतंय बाहेर. तू एक भोक बुजीवलंस, त्यानं दुसरं काढलं."

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो बाहेर जायला ब्रीदर पाइप असतो, टॅपेट कव्हरवरून निघून एअर क्लीनरकडे जातो, म्हणजे तो वायू पुन्हा ओढला जाऊन जळावा. हा रबरी पाइप मी दोनदा धुतला होता, बाहेरून. आता काढला आणि एका टोकाने फुंकर मारली. हवा जाईना. पाइप उभा चिरला. आतलं अस्तर तेलाने फुगून भोक पेनाच्या रिफिलएवढं उरलं होतं, आणि त्यातही पिवळट, सायीसारखा घट्ट लगदा अडकला होता. कव्हर उलटं करून पाहिलं तर ब्रीदरच्या तोंडाशी जी आडवी पत्र्याची पट्टी असते तिच्या मागेही तोच लगदा, काळ्या मळीत मिसळलेला. दोन्ही वेळा कव्हर माझ्या हातात होतं, पण मी फक्त कडा बघत होते.

तात्यांनी तो लगदा बोटावर घेऊन चोळला. "पाणी हाय यात." आणि मग बाबांकडे वळून विचारलं, "मास्तर, गाडी लांब कधी नेली होती शेवटची?"

बाबांनी वही मागवली. पानं उलटत गेले. 2019 च्या डिसेंबरमध्ये नृसिंहवाडी. त्यानंतर नोंदी सगळ्या तीन किलोमीटर, चार किलोमीटरच्या. कोरोना आला, मग ऑपरेशन, मग गुडघे. घरापासून देवळापर्यंत आणि परत. इतक्या अंतरात इंजिन पुरतं तापत नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, त्यातली थोडी खाली उतरते. इंजिन पुरतं तापलं तर ती ब्रीदरवाटे निघून जाते, नाही तर गार भागांवर थेंब होऊन ऑइलमध्ये घुसळली जाते आणि त्याची ही साय होते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर जास्तच. बाबा गाडी जपत होते. उन्हात उभी करायची नाही, तिसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही, लांब न्यायची नाही. तिच्या वयाला त्रास नको म्हणून.

त्यांनी वही मिटली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला कळेना काय बोलावं. तात्यांनीच सांगितलं, "मास्तर, ऑइल बदला, पाइप नवीन घाला आणि पोरीला घिऊन पन्हाळ्याला जावा. दर पंधरा दिवसांनी जावा."

नवा पाइप ऑइलला टिकणारा घेतला, साधा पाण्याचा नाही. कव्हरची पट्टी डिझेलमध्ये रात्रभर भिजवून आतून साफ केली. तिसरं पॅकिंग घातलं. ऑइल आणि फिल्टर बदलले. 20डब्ल्यू-40, तीन लिटरच्या आतच बसलं. ड्रेन बोल्ट काढायला गाडी उचलली तेव्हा चाकांना दगड लावले आणि खाली दोन घोड्या दिल्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मी कधीच गेले नाही, आणि मुलाला तर घोड्या लावूनही जाऊ दिलं नाही. काढलेलं ऑइल चहासारखं करडं-पिवळं झालेलं होतं. मग पिशवीची परीक्षा पुन्हा केली. पिशवी भोकावर लोळत पडली, उलट किंचित आत ओढली गेली.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी बाबा, आई आणि मी पन्हाळ्याला गेलो. गाडी मी चालवली. वाघबीळ ओलांडल्यावर घाट चढताना बाबा कान देऊन होते, ठोके येतात का म्हणून. आले नाहीत. वर धुकं होतं. तबक उद्यानापाशी थांबून आम्ही कणसं खाल्ली. बाबांनी उतरून बॉनेटवर हात ठेवून पाहिला. "चांगली तापलीय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुठ्ठा ओढून काढला तो कोरडा होता. नंतरही. चेंबरच्या पॅकिंगपाशी एका बोल्टाभोवती थोडी ओल येते, थेंब पडत नाही. ते पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी काढणार आहे. वहीत त्या रविवारच्या तारखेला बाबांनी किलोमीटर लिहिले आहेत आणि खाली: "ओ-रिंग, ब्रीदर पाइप, पॅकिंग. घरी. पन्हाळा जाऊन येऊन 42 कि.मी. ऑइल पातळी पूर्ण." त्याच्या खाली पंधरा दिवसांनंतरची नोंद आहे, जोतिबाची. तिसरी मुलाच्या अक्षरात आहे, कारण त्या दिवशी बाबा चष्मा घरी विसरले होते.